घरी गेल्यावर कलर खुलते

टाइल्सच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग लागतो. एक फुटक्या टाइल्सचा, दुसरा किश्शांचा. फुटक्या टाइल्स फेकता तरी येतात.

वाशिमात माझं टाइल्सचं दुकान आहे. छताला पांढरे लाइट इतके, की त्यांच्याखाली मीसुद्धा गोरा दिसतो. गिऱ्हाईक रंगावर अडलं की माझं एक वाक्य ठरलेलं. "भाऊ, घरी गेल्यावर कलर अजून खुलते."

मेडशीच्या एका शेतकऱ्यानं बाथरूमसाठी पांढऱ्या टाइल्स नेल्या. बसवण्याआधी भिंतीला लावून पाहिल्या आणि लगेच फोन केला, "पांढऱ्या सांगून पिवळ्या काहून देल्या?"

मी ऐटीत गेलो. त्यांचा जुना पिवळा बल्ब काढला, पांढरा लावला. टाइल्स झाल्या पांढऱ्याशुभ्र. मी कॉलर ताठ करतो न करतो तोच त्यांच्या आईनं आरशात पाहिलं.

"टाइल्स पांढऱ्या झाल्या, अन माहे केसबी. जुनाच बल्ब लाव बापू, अन टाइल्स वापस ने."

आणल्या वापस.

मग अनसिंगचं गिऱ्हाईक. गुलाबी टाइल्स घरी जाऊन मातकट झाल्या म्हणे. जाऊन पाहतो तर बाथरूमवर हिरवं प्लास्टिकचं छप्पर! सगळा उजेड हिरवा, त्यात गुलाबी काय टिकणार? मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, "छप्पर काढा, मंग पाहा."

तो शांतपणे म्हणाला, "छप्पर काढलं तर शेजारी गच्चीवरून मले पाहतीन. टाइल्स कोन पाहते?"

त्याही परत आल्या.

एक गुरुजी फार सावध. आकाशी टाइल्स पसंत केल्या आणि खिशातून बल्ब काढला, घरच्या बाथरूमचा. "याच्या उजेडात दाखवा." आमच्या दुकानात होल्डर एकच, मागच्या संडासात. आम्ही दोघं टाइल घेऊन आत गेलो, आणि मी सवयीनं कडी लावली.

बाहेर आलो तर माझी बायको डबा घेऊन उभी.

गुरुजी तिलाच म्हणाले, "वहिनी, टाइल्सच्या दुकानदाराच्या संडासाले साधं प्लास्टर? याच्यापासून काय घ्यावं मानसानं?" आणि बल्ब खिशात घालून निघून गेले.

"घरचं बाथरूमबी असंच हाये," बायको म्हणाली. "रामनवमीले माही बहीन येऊन राह्यली अमरावतीहून. पोहरादेवीच्या जत्रेले जाच्या आधी आपल्याकडंच आंघोळ करन ते. तिच्यासमोर माही मान खाली नका घालू."

एवढी वर्षं तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. म्हणून मी मनापासून कामाला लागलो. दुकानात जे होतं ते लावलं. एक भिंत मेडशीची, एक अनसिंगची, एक गुरुजींची. चौथीत दार होतं म्हणून वाचली.

बायकोनं पाहिलं आणि बाथरूमचं दार बाहेरून लावून घेतलं. मला खरंच वाईट वाटलं.

मेहुणी आली. ती आंघोळीला जाण्याआधी बायकोनं गुपचूप बल्बच काढून ठेवला. आत उरला झरोक्याचा अंधूक उजेड, त्यात तिन्ही भिंती सारख्याच. मी पेपर उलटा धरून बसलो.

मेहुणी केस पुसत बाहेर आली. "भाऊजी, काय मस्त कलर हाये टाइल्सचा! आमच्या नव्या बाथरूमले याच पाह्यजेत."

मी बायकोकडं पाहिलं. ती चहा गाळत होती.

"घेऊन जाय," ती म्हणाली. "घरी गेल्यावर कलर अजून खुलते."