कॅबिनेट तेच ठेवायचं

गेली काही वर्षं मी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. शाळेत मराठी शिकवते, दुपारी घरी येते, जेवते आणि इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटची मागची खोली बंद करून, खिडकीला गोधडी टांगून वाचायला बसते. एकदा त्या पुस्तकांवर अभ्यास करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. आधी भरपूर कौतुक केलं, मग जरा अडखळत म्हणाली, "मॅडम, तुमच्या घराखाली पिठाची गिरणी आहे का?"

गिरणी नव्हती. तो माझा कॉम्प्युटर होता. त्याच्या घरघरीची मला इतकी सवय झाली होती की ती मला ऐकूच येत नव्हती.

तसाही तो थकलाच होता. चालू केला की यापुढे अपडेट मिळणार नाहीत अशी पाटी पडद्यावर यायची, आणि मोठी फाइल साठवायला लागले की मधेच मान टाकायचा. दुकानात गेले. दुकानदाराने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, ते खोकं भंगारात द्या आणि सरळ लॅपटॉप घ्या." त्याचं चुकत नव्हतं. पण 'भंगार' हा शब्द मला लागला. ते खोकं माझ्या दादाने जोडलेलं होतं. आतले भाग दोनतीनदा बदलले, बाहेरचं कॅबिनेट मात्र पहिल्यापासून तेच.

दादाला विचारावं असं आधीही मनात आलं होतं. एरवी मी दुकानाची पायरीच चढले नसते. आमच्या ओळखीतले निम्मे कॉम्प्युटर दादाने जोडलेले. तो अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. राहायचा ओझरला, बाबांनी बांधलेल्या घरात. रविवारी त्याच्या पडवीत कुणाचं ना कुणाचं उघडं मशीन पडलेलं असायचंच. पण गेल्या वर्षी त्याला पॅरालिसिसचा झटका आला. जीव वाचला, पायात हळूहळू बळ आलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायला लागला. त्याहून वाईट म्हणजे शब्द. हवा तो शब्द सापडायचा नाही आणि त्याच्या जागी भलताच बाहेर यायचा. चहा हवा असला की "बटण दे" म्हणायचा. भेटायला आलेल्यांचे चेहरे बघून आपलं काहीतरी चुकलं हे त्याला कळायचं. मग त्याने बोलणंच सोडलं.

दुकानातून आल्यावर मी वहिनींशी फोनवर बोलताना सहज हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, दुकानात कशाला गेलात? ह्यांना विचारा की."

"नको वहिनी, त्याला त्रास होईल. आपल्याला आता जमत नाही हे पुन्हा आठवेल."

"ते विसरलेत असं वाटतं का तुम्हाला? दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. त्यापेक्षा तुमच्या खोक्याकडे बघतील."

रविवारी मी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून गाडीत मागच्या सीटवर ठेवला आणि ओझरला निघाले. आडगाव मागे पडलं आणि मला आमचा पहिला कॉम्प्युटर आठवायला लागला.

तेव्हा मी बी.एड. करत होते आणि दादा नुकताच नोकरीला लागला होता. नाशकात सगळे भाग मिळत नसत, म्हणून आम्ही दोघं पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलो. दिवसभर दुकानांतून फिरलो. दादा प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायचा, वजन जोखायचा, परत ठेवायचा. माझे पाय दुखायला लागले होते, पण त्याला त्याचं काही नव्हतं. परतीच्या गाडीत मॉनिटरचं अवजड खोकं माझ्या मांडीवर आणि कॅबिनेट दादाच्या दोन पायांत. समोरच्या बाई कल्याणपासून विचारत होत्या, "टीव्ही कितीला पडला?" इगतपुरीला गाडी थांबली ती थांबलीच. पाऊस असा की प्लॅटफॉर्मवरचा दिवा दिसेना. खिडकीच्या फटीतून पाणी आत यायला लागलं तसा दादाने अंगातला शर्ट काढून मॉनिटरच्या खोक्यावर घातला आणि नाशिकरोडपर्यंत बनियनवर कुडकुडत बसला. मी माझी ओढणी पुढे केली तर म्हणाला, "ती कॅबिनेटवर टाक."

घरी आईने मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं. दादाने सगळं जोडून बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आम्ही दोघं टाळ्या पिटत होतो आणि आई म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी मुंबईला गेला होतात?"

बाबा विमानाच्या कारखान्यात होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ह्याला हवा कुठून मिळते?" पुढच्या सुट्टीला त्यांनी कॅबिनेटची बाजूची झडप काढून नेली, आईच्या डब्याच्या झाकणाने त्यावर गोल काढला आणि त्या गोलात ड्रिलने भोकं पाडली. प्रत्येक भोकाची धार कानशीने घासून बोटाला लागणार नाही अशी केली. दादाला ते फारसं पटलं नव्हतं. नव्या कोऱ्या वस्तूला भोकं पाडली म्हणून तो दोन दिवस घुश्शात होता.

ओझरला पोचले तेव्हा दादा पडवीत खुर्चीवर बसला होता. वहिनींनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरूनच ठेवली होती. मी कॅबिनेट त्यावर ठेवलं, झडप काढली. आत धुळीची गादी झाली होती. दादा उठून आला, वाकून आत बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत नखं न कापता गेल्यासारखं वाटलं.

"दादा, मला आवाज न करणारा कॉम्प्युटर हवाय," मी म्हणाले. "ह्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं ते तू सांग. हात माझे."

त्याने डाव्या हाताने कॅबिनेटच्या पत्र्यावर टकटक केलं. "हे ठेव. जाड. खडखड नाही." थोडं थांबून त्याने भोकांच्या त्या गोलावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाबा."

मग एकेक वस्तू मी बाहेर काढत गेले. रॅमच्या पट्ट्या हातात घेतल्या तर म्हणाला, "बिस्किटं नकोत." मी वहिनींकडे बघितलं. वहिनी टेबलावर बिस्किटं शोधायला लागल्या.

"ही रॅम म्हणतोयस का?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. "नव्या… नव्या पाटात बसत नाहीत."

पाट म्हणजे मदरबोर्ड, हेही कळलं. पुढे मग आमची एक भाषाच झाली. जुनी हार्ड डिस्क म्हणजे "जातं". ते फिरतं आणि घरघरतं, म्हणून त्यातल्या फायली काढून घ्यायच्या आणि ते बाजूला ठेवायचं. मधल्या काळात त्यानेच बसवलेली आवाज न करणारी छोटी डिस्क म्हणजे "चपटी", ती राहणार. मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेला माझा कीबोर्ड राहणार, मॉनिटर राहणार. मधेच डोक्यावरून विमान गेलं. आम्ही दोघंही वाक्य अर्धवट सोडून थांबलो आणि आवाज विरल्यावर तिथूनच पुढे बोलायला लागलो. ओझरला वाढलेल्या पोरांची ही सवय आहे. पण त्या दिवशी मला एकदम जाणवलं, आम्ही दोघं बोलतोय. मधे थांबण्याइतकं बोलतोय.

बिनसलं ते पॉवर सप्लायवरून. दादा म्हणाला, "हा काढ."

"का? चालतोय की. तूच तर बसवला होतास तो."

"काढ. जुना."

"कॅबिनेट तर त्याहून जुनं आहे. ते कसं चालतं?"

"काढ!" त्याचा चेहरा लाल झाला. त्याला काहीतरी समजावून सांगायचं होतं आणि शब्द येत नव्हते. त्याने टेबलावर हात आपटला. "देव्हारा… हा देव्हारा नाही!"

मला वाटलं, पुन्हा शब्द चुकला. बिचाऱ्याला दमवलं आपण. सगळं चादरीत गुंडाळलं, उगाच इकडचं तिकडचं बोलले आणि निघाले. दादा बाहेर आला नाही. आडगावच्या सिग्नलला थांबले असताना माझ्या लक्षात आलं की शब्द चुकला नव्हता. त्याला देव्हाराच म्हणायचं होतं. त्याने हात लावलेली प्रत्येक वस्तू मी पुजायला निघाले होते, आणि तो मला चालणारं मशीन बनवून देत होता.

घरी आल्याबरोबर फोन केला. वहिनींनी तो त्याच्या कानाला लावला.

"दादा, पॉवर सप्लाय नवा घेते," मी म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "चांगला घे. स्वस्तातला नको."

त्या आठवड्यात तो स्वतःहून फोन करायला लागला. वहिनी नंबर लावून द्यायच्या आणि तो दोनचार शब्द बोलायचा. "पाट छोटा घे." "पंखा मोठा. मोठा हळू फिरतो." मोठा पंखा हळू फिरला तरी तेवढीच हवा टाकतो, आणि हळू फिरतो म्हणून आवाज करत नाही, हे समजायला मला तीन फोन लागले. दुकानदाराला मी मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय आणि पंखा एवढंच मागितलं तेव्हा तो म्हणाला, "आणि कॅबिनेट?" "आहे," मी म्हणाले. त्याने सांगितलं की हल्ली काचेची कॅबिनेट असतात, आत रंगीत दिवे लागतात. मी म्हटलं, दिवे नकोत.

पुढच्या रविवारी पुन्हा ओझर. मी आधी सगळं झाडून, पुसून, धुण्यासारखे पत्रे धुवून वाळवून नेले होते. दादाने पत्र्यावरून बोट फिरवून धूळ तपासली. प्रोसेसर बसवायची वेळ आली तेव्हा मी हात पुढे नेऊन दोनदा मागे घेतला. तो एवढासा चौकोन, आणि खाली त्या केसाएवढ्या पिना. "दादा, वाकडं झालं तर?"

त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. धरून ठेवलं. "सोड," म्हणाला. "दाबू नको. सोड. तो बसतो."

मी सोडला. तो बसला.

मोठा पंखा बाबांच्या भोकांच्या गोलावर लावायचा होता, पण स्क्रूची भोकं काही जुळेनात. मी कपाळाला हात लावला. दादाने वहिनींना खूण केली आणि त्या वेली बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन आल्या. परसातल्या द्राक्षाच्या मांडवाच्या. त्यांनी आणि मी मिळून पंखा बांधला. एक पट्टी मी ओढत होते तेव्हा दादाने तिचं दुसरं टोक उजव्या हाताच्या दोन बोटांत धरलं. घट्ट नव्हतं, निसटत होतं, पण धरलं. वहिनींनी ते बघितलं आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच. पुन्हा बंद करून चालू केलं. काळाच. मी केबल काढून लावली, रॅम काढून लावली. काही नाही. माझे डोळे भरून आले. माझ्या हातून काहीतरी मोडलं, आणि तेही त्याच्यासमोर.

दादा आत बघत होता. अचानक हसायला लागला. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं तरी जुनंच ते फिसफिस हसू. "वर," म्हणाला. "वरच्या कोपऱ्यात. पाणी नाही दिलंस."

"पाणी?"

"प्यायला नाही दिलंस त्याला!"

मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर लावायची असते. ती पत्र्याच्या मागे लोंबत राहिली होती. लावली. या वेळी पडद्यावर अक्षरं आली. मी दादाच्या गळ्यात पडले आणि वहिनी म्हणाल्या, "आता तरी जेवायला बसा, भाकऱ्या गार झाल्या."

कॉम्प्युटर आता माझ्या मागच्या खोलीत आहे. चालू आहे की नाही हे बघायला त्यावर हात ठेवावा लागतो. त्या मुलीने नव्या रेकॉर्डिंगबद्दल कळवलं की गिरणी बंद झाली, आता फक्त मधून मधून कोकिळा ऐकू येते आणि ती राहू द्या. दादाचा हात पूर्ण सुधारला नाही. डॉक्टरांनी तशी आशाही दाखवलेली नाही. बोलणं मात्र पुष्कळ मोकळं झालं. शब्द अजूनही चुकतात, पण चुकला म्हणून तो थांबत नाही. दुसरा घालतो, तिसरा घालतो, हाताने दाखवतो.

परवा गेले होते तर पडवीत शेजारच्या काकांचं मशीन उघडं पडलेलं होतं. काका मोडा ओढून समोर बसले होते, हातात स्क्रू ड्रायव्हर. दादा त्यांना सांगत होता, "हे काढा. हे ठेवा. ते बिस्किट नीट बसवा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बिस्किट म्हणजे?"

मी सांगणार होते. दादाने मला हातानेच थांबवलं आणि स्वतः शब्द शोधायला लागला. आम्ही दोघं थांबलो.