हात वर करायचा नाही

आम्ही दोघा नवरा-बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते जिना पुसायचं. शनिवार होता. आमच्या बिल्डिंगमध्ये दाराला एक लाकडी पाटी अडकवतात, केअरवोखे, म्हणजे झाडलोटीचा आठवडा, असं लिहिलेली. ज्याच्या दाराला पाटी त्याचा तो आठवडा. जिना त्याने झाडायचा, पुसायचा, खालचं दार आणि अंगणातला पाचोळासुद्धा त्याचाच. आठवडा सरला की पाटी शेजारच्या दाराला. जर्मनीतल्या या श्वाबेन मुलखातला माणूस एक वेळ लग्न मोडेल, पण हे मोडणार नाही. झिंडेलफिंगेनमध्ये माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं, मीही तसाच झालो.

मी वरून झाडत येत होतो, मागून ओलं फडकं. ती पायरीवर बसून कठड्याचे गज पुसत होती. नाकात ऑक्सिजनची नळी, बाजूला चाकांची टाकी. एका पायरीचे गज झाले की ती बसल्या बसल्या खालच्या पायरीवर सरकायची आणि मी टाकी खाली घ्यायचो. वळणावर म्हणाली, कोपऱ्यात राहिलंय. मी म्हटलं, मला नाही दिसत. तर म्हणते, बोटीवर तुला इंजिनरूममध्ये ठेवला होता तो काय डोळे मिटून तेल घालायला? स्वतःच्याच बोलण्यावर हसली आणि हसता हसता खोकला लागला. तो थांबेना. मी टाकीचा दांडा धरून नुसता उभा. दुसऱ्या दिवशी दुपारी या बाईला स्टेजवर गायचं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. इथली आपली इंजिनियर मंडळी गणपतीला भेटतात, त्यांना ती नळीवाली गोरी आजी एवढीच माहीत. त्यांच्यासाठी लिहितो.

ती डच. बाप बंदरावर हेरिंग मासे उतरवायचा, आई ते साफ करायची, आणि शाळा सुटली की हीसुद्धा सुरी घेऊन बसायची. मी दाभोळच्या खाडीकडचा. मासळीच्या वासाचं तिला कधी काही वाटलं नाही, आमचं लग्न टिकलं त्यातलं हे एक कारण. गळा चर्चमध्ये तयार झाला. मग गल्लीतल्या चार पोरांनी गिटारी घेतल्या. साठ सालानंतर तिकडे प्रत्येक गल्लीत चार पोरं गिटारी घेतच होती. यांना गाणारा पोरगा मिळेना म्हणून हिला घेतलं. गोड गाणारी नव्हती ती. आवाज खरखरीत आणि मोठा, बंदरावर हाक मारावी तसा. एका गाण्याच्या शेवटी ती एक सूर लावायची आणि सोडायचीच नाही. ढोलवाला वाट बघत थांबायचा. त्या सुरावर ते गाणं हॉलंडात चाललं, मग जर्मनीत चाललं.

मी बोट सोडून हँबर्गला गोदीच्या वर्कशॉपमध्ये लागलो होतो. यांची खटारा व्हॅन वर्कशॉपच्या दारात बंद पडली. ती मी चालू केली, तर म्हणाले, आता तूच चालव. लायसन आहे का हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अशी माझी नोकरी लागली. रोज वेगळं गाव, धुराने भरलेले क्लब, बटाट्याचं सॅलड. ती गायची तेव्हा मी स्टेजच्या कडेला उभा राहायचो, कारण तिथे वायरी जळायच्या.

तिचं नाव बुडालं ते टीव्हीवर. जर्मन टीव्हीवर तेव्हा खरं गात नसत. रेकॉर्ड लावायचे आणि गाणाऱ्याने नुसते ओठ हलवायचे. पहिल्यांदा तिने हलवले. दुसऱ्यांदा रेकॉर्ड सुरू झाली आणि ही तोंड मिटून उभी. आवाज चाललाय, बाई कॅमेऱ्याकडे बघत गप्प. रेकॉर्ड कंपनीने तिला काढलं. पोरं आपापल्या गावी गेली, एक पोस्टात लागला, एकाने किराणा टाकला. ही परत गेली नाही. मला कारखान्यात काम मिळालं म्हणून आम्ही दोघं इकडे दक्षिणेला आलो. काही वर्षं ती अमेरिकन सोल्जरांच्या छावण्यांत गायली, मग लग्नांतून, मग तेही संपलं. पुढे आमच्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये उभी राहून मसूर आणि श्पेट्झ्लं, म्हणजे इकडच्या जाड शेवया, वाढायची. एकदा एकाने रांगेत तिला ओळखलं आणि ते गाणं म्हणून दाखवलं. तिने त्याला मसूर कमी वाढले.

छातीचा आजार त्या क्लबांच्या धुराचा, असं डॉक्टर म्हणाला. ती स्वतः कधी ओढत नव्हती. दुसऱ्यांचा धूर हिने गिळला.

तर या मरणाच्या वर्षी गावच्या हॉलवाल्यांचं बोलावणं आलं. म्हाताऱ्यांसाठी दुपारचा कार्यक्रम, कॉफी, केक आणि तरुणपणीची गाणी. तिने एकच गाणं गायचं, तेच. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, जिना चढवत नाही त्या बाईने काय गायचं. हॉलवाला माणूस मात्र घरी आला, पोट सुटलेला, भला होता. त्याने सोपा मार्ग काढला होता. तुम्ही फक्त उभ्या राहा, आम्ही जुनी रेकॉर्ड लावू, लोकांना तेच ऐकायचं असतं.

मला ते पटलं. आमच्याकडे सिनेमातल्या सगळ्या नट्या दुसरीच्या गळ्यावर ओठ हलवतात. त्यात कोणाची अब्रू गेली? मी तिला तसं म्हटलं. हा तर तुझाच आवाज, उसना नाही.

ती म्हणाली, "ती पोरगी वेगळी होती. तिच्या आवाजाला मी माझं तोंड कशाला देऊ?"

तुझा जीव जाईल, मी म्हटलं. तर म्हणते, जाईल तो माझा जाईल, तिचा नाही.

दोन-चार दिवस असेच गेले. मी चहा करून टेबलावर ठेवायचो, ती थंड करून प्यायची. शेवटी हॉलवाल्यानेच मधला रस्ता काढला. ती खरं गाईल, पण रेकॉर्ड तयार ठेवू. साउंडवाला हॉलच्या पार मागे बसतो, त्याला तिथून तिचं तोंड दिसत नाही. मी स्टेजच्या कडेला उभा राहायचं. तिचा दम तुटला की हात वर करायचा, तो लगेच रेकॉर्ड सोडेल, कोणाला कळायचंसुद्धा नाही. हे बोलणं तिच्या समोरच झालं. ती केक खात राहिली. मला वाटलं मानलं.

रविवारी दुपारी हॉल भरला. सगळी पांढरी डोकी, काठ्या, भिंतीशी लावलेले रोलाटर, म्हणजे चाकांचे वॉकर. गावातलाच भाड्याचा बँड होता. त्यांनी गाणं तिच्यासाठी खालच्या पट्टीत आणलं होतं. पडद्यामागे मी तिची नळी काढली, टाकी बंद करून चावी खिशात टाकली. टाकी माझ्यापाशी ठेवायची आणि गाणं संपलं की लगेच लावायची असं ठरलं होतं. तिने कोटाचं वरचं बटण उघडलं आणि माझ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "हात वर करायचा नाही."

हे अहो तिला माझ्या आईने शिकवलं होतं, आम्ही गावी गेलो तेव्हा. एरवी ती मला नावानेच हाक मारायची. अहो फक्त भांडताना. त्यानंतर वाद घालायचा नाही हे मला ठाऊक होतं.

पहिलं कडवं बरं गेलं. आवाज खाली, फाटका, पण तालात. लोकांनी मान डोलवायला सुरुवात केली. काहींनी मोबाइल वर धरले. दुसऱ्या कडव्यात एका ओळीच्या मध्यावर ती थांबली. माइकपासून मागे सरली. बँडवाल्यांना वाटलं मुद्दाम, ते तेच तेच वाजवत राहिले. मग गिटारवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि तो थांबला. मग दुसरा. शेवटी ढोलसुद्धा.

माइकचा दांडा तिने धरून ठेवला होता. ओठ निळे पडले होते. ते निळे ओठ मी घरी बघितलेले. ते दिसले की धावायचं, नळी लावायची, खिडकी उघडायची. हॉलच्या मागे साउंडवाला खुर्चीतून उठून उभा राहिला. आता त्याला मी दिसत होतो आणि मला तो. पोटवाल्या माणसाने खालून मला मान हलवली, कर म्हणून. पहिल्या रांगेतली माणसंही माझ्याकडे बघायला लागली, जणू तिला काय होतंय ते मलाच विचारायचं.

उजवा हात माझ्या कोटाच्या खिशात होता आणि टाकीची चावी मुठीत. एवढी घट्ट की तिची कड तळव्यात रुतली. मी स्वतःला म्हणत होतो, कर वर, मूर्खा, बाई मरते. मी बोटीवरून माणसं बुडताना बघितली आहेत. दोर टाकायला विचारायचं नसतं.

तिने मान वळवली. टाकीकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडेही नाही. माझ्या खिशाकडे बघितलं.

मी हात काढला नाही.

मग ती दोन पावलं मागे गेली आणि ढोल ठेवला होता त्या चौथऱ्याच्या कडेवर बसली, जिन्यावर बसायची तशी. ढोलवाल्याने वाकून माइक तिच्या हातात दिला. ती श्वास घेत बसली. सगळा हॉल ते ऐकत होता, तो शिट्टीसारखा आवाज. हॉलमध्ये कपबशी वाजेना. मग राहिलेली ओळ तिने गायली नाही, नुसती बोलली. पुढची थोडी गायली. बँडवाले एकेक करून तिच्या मागे आले. असं करत शेवटापर्यंत आली, जिथे तो लांब सूर होता. तिथे तिने तोंड उघडलंच नाही. एक बोट वर करून ढोलवाल्याला थांबवलं, आणि पूर्वी तो सूर जेवढा वेळ चालायचा तेवढा वेळ गप्प बसली. मी ते गाणं क्लबाक्लबांतून ऐकलेलं, मला त्याचं माप पाठ आहे. तिने एक ठोकाही कमी केला नाही. मग बोट खाली, ढोल वाजला, आणि शेवटचा शब्द तिने सरळ आवाजात म्हटला.

टाळ्या उशिरा आल्या. बऱ्याच आल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, शाडे. म्हणजे वाया गेलं, अरेरे. तेही खरंच असेल. मी तोवर नळी घेऊन स्टेजवर पोचलो होतो.

गाडीत तिचा रंग परत आला. मी म्हटलं, मला घाबरवून मारशील एक दिवस. तिने विचारलं, हात कुठे होता? खिशात. शहाणा आहेस, ती म्हणाली, आणि माझा तळवा उलटा करून चावीचा वळ बघितला. मग भूक लागल्याचं सांगितलं. बांगड्याचं कालवण कर, आमसूल जास्त घाल.

जिना चढायला खूप वेळ लागला. खुर्चीत बसवलं, घरचं ऑक्सिजनचं मशीन लावलं, बूट काढले. बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. मी स्वयंपाकघरात मासे साफ करत होतो. मशीनचा आवाज येत होता म्हणून मी निश्चिंत होतो. कालवणाला उकळी आली तेव्हा चव बघायला बोलावलं. पुन्हा बोलावलं. मशीन चालूच होतं. हवा येत होती, घेणारं कोणी नव्हतं.

डॉक्टर आला, कागद करून गेला. मग काळ्या कोटातले दोन जण आले. त्यांनी तिला उचलून खाली नेलं. जिन्याच्या वळणावर त्यांना तिरकं व्हावं लागलं, एकाने दुसऱ्याला हळू आवाजात सांगितलं, डावीकडे, अजून डावीकडे. बाहेर पाऊस होता. त्यांच्या बुटांनी अंगणातला चिखल आणि पाचोळा आत आला होता.

हॉलवाल्याने फोनवर विचारलं, अंत्यविधीला ती रेकॉर्ड वाजवू का, लोकांना आवडेल. मी नाही म्हटलं. का ते त्याने विचारलं नाही.

सकाळी मी दार उघडलं तर पाटी आमच्याच दाराला. जिन्यात बुटांचे ठसे, वरपासून खालपर्यंत. समोरची म्हातारी शेजारीण गाऊनवर स्वेटर घालून उभी होती, हातात तिची बादली. तिने माझा दंड धरला. म्हणाली, तुम्ही आत जा, बसा. सोमवार उजाडला, आता माझाच आठवडा. मी पुसते.

मी म्हटलं, पाटी अजून आमच्या दाराला आहे.

तिने माझा दंड सोडला. बादली घेऊन आत गेली.

मी वरून झाडत आलो. मग फडकं. मग पायरीवर बसलो आणि कठड्याचे गज पुसले, एका पायरीचे झाले की बसल्या बसल्या खालच्या पायरीवर. वळणावरचा कोपरा दोनदा पुसला. खालच्या दाराशी पाचोळा गोळा करून डब्यात टाकला. बादली धुतली. मग वर आलो, आमच्या दारावरची पाटी काढली आणि शेजारणीच्या दाराला अडकवली.