उघड्या खडकाखालची तिसरी बोअर

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एकाच गावात लागोपाठ दोन कोरड्या बोअर मारल्या, आणि दोन्ही वेळा सगळं गाव बघत उभं होतं.

ते गाव रायपूरहून धमतरी ओलांडून पुढे, सिहावाच्या अंगाला आहे. गावाच्या डोक्यावर एक डोंगर. डोंगर म्हणजे एकच अख्खा ग्रॅनाइटचा दगड. त्यावर माती नाही, झाड नाही, नुसता करडा, उघडा खडक, आणि कडेनं कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटलेले थर. गावातले लोक त्याला नुसतं पखना म्हणतात, म्हणजे दगड. पावसाळ्यात त्यावर पडलेलं पाणी थांबत नाही. मावळतीकडचं महानदीत जातं, उगवतीकडचं सोंढूर नदीत. महानदी तिथे अजून लहान आहे, दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी उतरतील एवढीच. दोन नद्यांच्या मधलं हे गाव, आणि मे महिन्यात त्याला प्यायला पाणी नव्हतं. बायका पहाटे उठून नदीच्या वाळूत खड्डे उकरायच्या. त्या खड्ड्यांना तिकडे झिरिया म्हणतात. त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं आणि डोक्यावर घेऊन चढ चढायचा.

मी रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात वाढले. रायपूरच्या पोटात चुनखडक आहे. आमच्या घरातली फरशीसुद्धा त्याच दगडाची. चुनखडकाला पाणी आतून पोखरतं, त्यात पोकळ्या होतात, नशीब असेल तर बोअरला एखादी पोकळी सापडते. ग्रॅनाइट तसा नाही. तो पाण्याला आत घेतच नाही. त्याला कुठे भेग असेल, कुठे वरचा थर कुजून भुसभुशीत झाला असेल, तेवढ्याच जागी पाणी. भेग हातभर चुकली तरी खाली कोरडी भुकटी. हे मला परीक्षेत लिहिता येत होतं. भूजलाच्या एका प्रकल्पात कंत्राटावर लागल्यावर ते जमिनीवर करून दाखवायची पाळी आली.

दुसऱ्या बोअरमधून जेव्हा पांढरी भुकटी उडत राहिली आणि शेवटी बोअरवाल्यानं यंत्र बंद केलं, तेव्हा गर्दी पांगू लागली. बायकांनी रिकामे हंडे उचलले आणि त्या गेल्या. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रकल्पाच्या साहेबांचा फोन आला. "एक और देख लो. नहीं तो गाड़ी दूसरे ब्लॉक में भेजनी है."

शनिवारी मी घरी आले ती जेवले नाही. बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. रायपूरच्या पंडरी बाजारात एका ठोक कापड दुकानात त्यांनी सगळी उमर थान, म्हणजे कापडाचे तागे, मोजण्यात घालवली होती, आणि आता रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं. मी ताट सरकवलं तसे ते म्हणाले, "काहून जेवून नाही राहिली?"

मी सांगितलं. हिंदीतच. घरी बाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायची, तशीच सवय पडली होती.

"मंग आता?"

"आखरी मौका है. सोमवार को फिर जाना है."

"मी येतो संगं," ते म्हणाले. "मले इथं काय काम आहे?"

आईनं नाही म्हणून पाहिलं. उन्हाचं नाव घेतलं, त्यांच्या रक्तदाबाचं नाव घेतलं. पण सोमवारी बाबा डोक्याला पंचा गुंडाळून जीपमध्ये माझ्या आधी बसले होते.

गावात आम्ही शाळेच्या ओसरीवर उतरलो. त्या शाळेत दुपारचं जेवण रांधणारी एक बाई होती. पन्नाशीची, हडकुळी, खड्या आवाजाची. सगळे तिला काकी म्हणत. शाळेला सुट्टी असली तरी ती ओसरी झाडायला यायची. दोन्ही बोअरच्या वेळी ती सगळ्यात पुढे उभी होती, हे मला आठवत होतं. तिनं आम्हाला पाणी दिलं, झिरियाचंच, थोडं गढूळ. मी ते पिताना तिच्याकडे बघू शकले नाही.

तीच म्हणाली, "नोनी, तैं पानी ला खाल्हे खोजत हस. पानी तो ऊपर ले आथे."

पोरी, तू पाणी खाली शोधतेस, पाणी तर वरून येतं. एवढं साधं. जमिनीत वीज सोडून खालचा खडक ओळखणारं माझं यंत्र मी गावात फिरवलं होतं, शेतात फिरवलं होतं, रस्त्याच्या कडेनं फिरवलं होतं. डोंगरावर मी एकदाही चढले नव्हते. उघडा खडक दिसतोच आहे, तिथे जाऊन काय बघायचं, असं मला वाटलं होतं.

"वर काय आहे काकी?" बाबांनी मराठीतच विचारलं, आणि तिला ते बरोबर समजलं.

"चलव, देखाहूँ," ती म्हणाली. चला, दाखवते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तिघं चढलो. नऊनंतर त्या दगडावर पाय ठेवता येत नाही. काकी अनवाणी पुढे, मी हातोडी आणि होकायंत्र घेऊन मधे, बाबा चपला हातात घेऊन मागे. अर्ध्या चढावर काकी थांबली आणि पायानं दाखवलं. करड्या ग्रॅनाइटमधून एक काळा पट्टा आरपार गेला होता, दोन-तीन माणसं आडवी झोपतील एवढा रुंद. मी हातोडी मारली. तुकडा निघाला तो बारीक कणांचा, जड, काळाभोर. डोलेराइट. कधीतरी पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक ग्रॅनाइटच्या फटीत वर घुसला होता आणि तिथेच थिजून भिंत झाला होता. आमच्या भाषेत त्याला डाइक म्हणतात.

मी त्या पट्ट्याची दिशा होकायंत्रावर घेतली आणि खाली पाहिलं. पट्टा डोंगर उतरून मातीत गडप होत होता. पण मातीत गेला म्हणून संपला नव्हता. त्याच सरळ रेषेत, शेतांच्या पलीकडे, कउहाची चार-पाच मोठी झाडं उभी होती, आणि मे महिन्यात त्यांची पालवी हिरवीगार होती. कउहा म्हणजे आपला अर्जुन. तो सहसा पाण्याच्या काठानं वाढतो. तिथे ना नदी होती ना नाला.

"ओ मेर फागुन तक कांदी हरियर रथे," काकी म्हणाली. तिथे फाल्गुनापर्यंत गवत हिरवं असतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भिंत जमिनीखालून उताराला तिरकी आडवी जात होती. डोंगरावरून उतरून पायथ्याशी मुरलेलं पाणी खालच्या कुजलेल्या खडकातून नदीकडे सरकत येत होतं आणि त्या भिंतीला अडून मागे साठत होतं. माझ्या दोन्ही बोअर भिंतीच्या अलीकडे होत्या, गावाच्या बाजूला, कोरड्या बाजूला. आणि त्या मी तिथे का घेतल्या होत्या? कारण बोरिंगची गाडी तिथपर्यंत सरळ पोचत होती.

हे मी दोघांना सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण मनात ठेवलं असतं तर तसंच राहिलं असतं.

बाबा गुडघ्यावर बसून पट्ट्याच्या कडेच्या बारीक भेगांवरून बोट फिरवत होते. "इथं गोटा कमजोर आहे," ते म्हणाले. "कापडाले कैची थोडीशीच लावा लागते. मंग ते धाग्यानं आपोआप फाटत जाते. हे तसंच फाटलं दिसून राहिलं."

बाबांचं बरोबर होतं. डाइक घुसताना शेजारचा ग्रॅनाइट तडकला होता, आणि त्या सगळ्या भेगा पट्ट्याला समांतर होत्या. म्हणजे जागा झाडांच्याही अलीकडे नको, फार पलीकडेही नको. भिंतीला चिकटून, वरच्या अंगाला. दोन दिवस मी यंत्र घेऊन त्याच रेषेवर आडवी-उभी फिरले. बाबांनी वायर धरली, खुंट्या ठोकल्या, आकडे लिहून घेतले. थान मोजणाऱ्या माणसाचा हात, एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही.

जागा ठरली. पण गाडी तिथे जाईना. मधे तीन शेतांचे बांध आणि एक घळ. बोअरवाला तमिळनाडूचा होता, वर्षातले आठ महिने याच भागात फिरणारा. त्यानं घळ पाहिली आणि मान हलवली. "मैडम, गाड़ी पलटेगा."

संध्याकाळी काकी घरोघर गेली. काय बोलली मला माहीत नाही. सकाळी मी पाहिलं तर घळीपाशी चाळीसेक माणसं होती, त्यात निम्म्याहून जास्त बाया. पखन्याचे सुटे पापुद्रे फोडून आणून घळ भरत होत्या. शेतांचे मालक स्वतः आपापले बांध फोडत होते. ज्यांना मी दोनदा निराश केलं होतं ते लोक माझ्या तिसऱ्या जागेसाठी रस्ता बांधत होते. मीही टोपली घेतली. दुपारपर्यंत बोअरवाल्यानं त्यावरून दोनदा चालून पाहिलं, उड्या मारून पाहिल्या, आणि गाडी हळूहळू पार नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झालं. आधी माती, मग मुरूम, मग करडी भुकटी. शंभर फूट, भुकटी. दीडशे फूट, भुकटी. यंत्राची दर सळई खाली गेली की मी चाळणीत चुरा धरून बघत होते. काकी माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. तोंडाला पदर लावलेला, केस भुकटीनं पांढरे झालेले. बाबा दूर झाडाखाली गेले होते. त्यांना बघवत नव्हतं.

मग आवाज बदलला. एकसारखी घरघर चालली होती ती मधेच सैल झाली, सळई एकदम हातभर खाली गेली. बोअरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "मैडम, भूरा आया."

भूरा म्हणजे तपकिरी. चाळणीतले तुकडे खरंच तांबूस होते. करड्या ग्रॅनाइटला गंज चढला होता, आणि पाणी खेळल्याशिवाय गंज चढत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात भुकटीचा चिखल झाला, चिखलाचं गढूळ पाणी झालं, आणि मग ते पाणी यंत्राच्या वर, कउहाच्या फांद्यांपर्यंत उसळलं. आम्ही सगळे भिजलो. बोअरवाला यंत्र बंदच करीना. अजून दोन सळया खाली घातल्या, आणि पाणी वाढतच गेलं.

बाया पुढे आल्या आणि पाण्यात उभ्या राहिल्या. काकीनं ओंजळ धरली, पाणी जरा निवळू दिलं, प्यायली.

"मीठ हे," ती म्हणाली. गोड आहे. मग तिनं ओल्या हातानं माझा चेहरा पुसला, कारण तो भुकटीनं पांढरा झाला होता आणि मी रडत होते हे मला समजलं नव्हतं.

बाबा झाडाखालून धावत आले. रक्तदाबाचा माणूस, चिखलात, हातात चपला. कोणाला तरी सांगायलाच हवं म्हणून ते त्या तमिळ बोअरवाल्याला मराठीत सांगू लागले, "माही पोट्टी आहे ही. माही पोट्टी." तो हसत होता आणि प्रत्येक वेळी "हाँ बाबूजी" म्हणत होता.

त्या बोअरवर पंप बसला. पुढच्या उन्हाळ्यात ती बोअर आटली नाही, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाही. तिथून शाळेत नळ आला. नवा रायपूरला आमची बैठक झाली तेव्हा तीन बोअरचा हिशेब सांगताना मी पहिल्या दोन्हींची चूक स्वतःच्या नावावर उभी राहून सांगितली. साहेबांनी पाहणीच्या फॉर्ममध्ये एक ओळ घालायला सांगितली : जागा ठरवण्याआधी गावातल्या माणसाबरोबर डोंगर चढून पाहिला का?

आता नवीन मुलं-मुली कामाला लागतात तेव्हा ती ओळ त्यांना मी समजावून सांगते. काही जण हसतात. मी त्यांना जीपमध्ये घालते आणि कुठल्या तरी उघड्या खडकावर घेऊन जाते, सकाळी सहा वाजता, ऊन चढायच्या आत.