धुरपताबाईच्या घरचं जेवण

ऐंशी सालचा तो उन्हाळा, मेला, नुसता आठवला तरी घसा कोरडा पडतो. देशभर महागाईनं कहर केला होता. रेशनवर साखर न्हाई, राकेल न्हाई. पैसे घेऊन अहमदपूरच्या बाजारात गेलं तरी पिशवी रिकामीच परत यायची. आणि त्यातच आमदारकीची निवडणूक! उमेदवार अण्णाराव जीपमधून गावोगाव हिंडायचे. "निवडून द्या, लातूरचा जिल्हा करतो," म्हणायचे. अहो, जिल्हा काय घागरीत भरायचा? पाणी कुठंय?

पाणी होतं, अण्णारावांच्या टँकरमधी. टँकरवर त्यांचा फोटो, खाली निशाणी. रोज यायचा आणि गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. त्या विहिरीवर आम्हा बुद्धवाड्यातल्या बायकांना कुणी घागर लावू द्यायचं न्हाई, आणि आमचा आड कोरडा ठणठणीत. माझी शेजारीण धुरपताबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिची सून महानंदा, दिवस भरत आलेली पोर, कोरड्या नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीनं घागर भरायची. एकदा तिथंच चक्कर येऊन पडली. धुरपताबाई तशीच टँकरवाल्याच्या अंगावर धावून गेली. तो म्हणला, "मला काय बोलती? मालकाला इचार."

चार दिवसांनी मालकाचाच निरोप आला. अण्णाराव बुद्धवाड्यात जेवणार, धुरपताबाईच्या घरी, आणि अहमदपूरचा फोटोवाला संगं येणार. आमची माणसं हरखून गेली. माझं मात्र डोकं फिरलं. "इतकी वर्षं आपली भाकर आठवली न्हाई का ह्यांना?" धुरपताबाई एवढंच म्हणली, "येऊ दे की."

अण्णाराव आले, चटईवर बसले. अंगणात ही गर्दी! तेवढ्यात त्यांच्या माणसानं पिशवीतून हळूच डबा काढला, थर्मासही काढला. जेवण घरून आणलेलं! बसायचं आमच्यात, खायचं स्वतःचं, आणि फोटो काढून गावभर मिरवायचा. काय म्हणावं ह्या लोकांना!

धुरपताबाईनं डबा उचलला आणि त्या माणसाच्या हातात परत दिला. "पाव्हणा माझ्या घरचा हाय. माझ्या हातचीच भाकर खाईल." मग रीतीप्रमाणं हात धुवायला तांब्या पुढं ठेवला. अण्णारावांनी तो तिरका केला. थेंब न्हाई. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

"पाणी न्हाई साहेब," ती म्हणली. "पीठ परातीत कोरडंच हाय. टँकर आमच्या आडात सोडा, लगेच भाकरी टाकते. तवर बसा निवांत."

अण्णारावांचं तोंड बघण्यासारखं झालं. उठावं तर अख्खा बुद्धवाडा बघत होता, आणि रिकामा तांब्या तर फोटोत गेलेला. शेवटी ओरडले, "टँकर हिकडं आणा रे!"

आडात पाणी पडायला लागलं आणि मला रडूच फुटलं. किती आनंद झाला म्हणून सांगू! धुरपताबाईनं भाकरी थापल्या, मिरचीचा ठेचा वाढला. अण्णाराव सगळ्यांसमोर जेवले आणि आमच्या आडाचं पाणी प्याले.

ही बातमी विरोधातल्या उमेदवाराला कळली. त्यालाही आमच्यात जेवायची घाई झाली. धुरपताबाईनं निरोप धाडला, "या, पण टँकर पुढं धाडा." मग काय विचारता! मतदानापर्यंत दोघांचे टँकर आमच्या आडावर. महानंदाला दारात पाणी.

मतदानादिवशी शाळेपुढं अण्णारावांचा माणूस आडवा आला. "मावशी, खाल्ल्या मिठाला जागा बरं का."

धुरपताबाई थांबली. "मीठ माझं, भाकर माझी. खाल्ली तुझ्या साहेबानं. जागायचं त्येनं."

आणि पदर खोचून शिक्का मारायला आत गेली.