धुक्याच्या धन्याची झुंज

कचेरीत सगळे त्याला भुतोबाच म्हणत. भुताखेतांशी लढणाऱ्या महानायकाचं कॉमिक तिथे निघे. नायक काढायचा मान मोठ्या चित्रकारांचा; भुतोबाच्या वाट्याला दर महिन्याचा नवा खलनायक. त्याने यावं, शेवटच्या पानावर राख व्हावं आणि वाचकांनी त्याला साफ विसरावं. भुतोबाने आरशातून हात काढणारी बाई काढली, सावल्या गिळणारा काढला, एकदा तर घाईघाईत झपाटलेली इस्त्रीसुद्धा.

चेहरे सुचेनासे झाले की तो घरचेच उचले. मामेभावाचं नाक, शेजारणीची हनुवटी. कुणाच्या लक्षात येत नसे. पण ‘धुक्याचा धनी’ काढताना त्याने सासऱ्यांच्या झुपकेदार भुवया जशाच्या तशा लावल्या, आणि दाढी करायला गेलेल्या सासऱ्यांच्या हाती नेमका तोच अंक पडला.

सासरे निवृत्त फौजदार. अंक काखोटीला मारून ते थेट दारात उभे राहिले. बायको स्वयंपाकघरातून हलेना. निस्तरा आता तुमचं तुम्ही, असा तिचा एकंदर आविर्भाव.

सासऱ्यांनी शेवटचं पान पुढ्यात ठेवलं. “हा मीच ना?”

भुतोबाने खाली बघत मान डोलावली.

“मग एका बुक्कीत मेलो कसा, जावईबापू? जरा तरी झुंज द्यायची.”

दुसऱ्या दिवशी भुतोबा धन्याची झुंज वाढवून मागायला संपादकांकडे गेला. ते हसले, राख झालेल्याला कोण विचारतो, म्हणाले. एरवी तो मुकाट परत फिरला असता. त्या दिवशी मात्र खुर्ची ओढून बसला आणि हटूनच बसला. शेवटी वर्षभराच्या अंकांच्या जाड संग्रहात मारामारीची जादा पानं घालायची परवानगी मिळाली.

रविवारी सासरे धन्याचा झगा म्हणून जुना रेनकोट चढवून गच्चीवर आले. कपडे वाळत घालणाऱ्या बायका काम सोडून बघत राहिल्या. फौजदारसाहेब हवेत ठोसे मारत होते, दात-ओठ खात होते आणि जावई भराभर रेघा ओढत होता. इतकं मोकळं ते दोघं लग्नानंतर कधी बोलले नव्हते.

संग्रह आला. धुक्याच्या धन्याने नायकाला पार लोळवलं होतं. मग धनी मेला. सासऱ्यांनी ती पानं पुन्हा पुन्हा पाहिली.

“आता मरायला हरकत नाही,” ते म्हणाले आणि चहा मागितला.

वाचकांपैकी कुणी त्या पानांची दखल घेतली नाही. पण तेव्हापासून भुतोबाचा प्रत्येक खलनायक मरण्याआधी एक तरी सणसणीत ठेवून देऊ लागला. मोठे चित्रकार तेवढे कुरकुरत, की नायक हल्ली फारच दमलेला दाखवावा लागतो.