लिडियाच्या खांद्यावरची वेल

लिडियाबायला मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर गेलेला. राजोडीजवळच्या तिच्या पानमळ्यात एक्कावन्न साली मुंबईचा एक चित्रकार येऊन बसू लागला. तिचं चित्र काढलं, तिलाच दिलं आणि निघून गेला. फुकट दिलं म्हणताच गावाचे कान टवकारले.

चित्रात तिचा अर्धा चेहरा हिरवा, एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट, आणि गळ्याला वळसा घालून खांद्यावर आलेली जाड हिरवी रेघ. भर दुपारी पानमळ्यात कुणीही उभं राहावं, तोंड हिरवंच दिसतं. पण आमच्या लोकांना चित्र बघायची सवय चर्चमधली. हातात किल्ल्या असल्या की संत पेत्र, पायाखाली सैतानाचा साप चिरडलेला असला की मारियामाता. हिचा साप तर खांद्यावर! झालं. बायका पाणी मागायच्या निमित्ताने तिच्या ओटीवर यायच्या, दारातून चित्र न्याहाळायच्या आणि पाणी न पिताच जायच्या.

लिडियाला त्याचं काहीच नव्हतं. तिचा सगळा जीव भावाच्या, प्लासिडच्या घरी होणाऱ्या पहिल्या मुलात. बाप्तिस्म्याला बाळाला हातात धरून धर्ममाता म्हणून तीच उभी राहणार, हे त्याच्या लग्नातच ठरलेलं.

मुलगी झाली. प्लासिड खाली मान घालून आला. "बाय, सुझान घाबरते. ते चित्र..."

"आरं, पानाची वेल हाय ती! रोज चघळतोस ना?"

"मला म्हाईत हाय. पन बायकोला कोन सांगनार?"

तो गेल्यावर तिने चित्र उतरवलं, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. ते तिला फार आवडायचं. मी शेजारी, मला ठाऊक आहे. पण पोरीला हातात घ्यायची हौस त्याहून मोठी.

भिंत रिकामी झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत सुझानकडे पोचली. बाळंतिणीने कहरच केला. म्हणाली, "काय वायट नव्हतं, तं लपवलं कशाला?"

रविवारी धर्ममाता म्हणून ग्रेसी उभी राहिली. ग्रेसी म्हणजे सुझानची सख्खी बहीण. हे सारं आधीच शिजलं होतं, असा मला आजही दाट संशय आहे, आणि त्या घराचा रागही.

चर्चबाहेर लिडिया पुढे झाली, दोन्ही हात पसरून. सुझानने पोरीचं तोंड पदराने झाकलं आणि चालू लागली.