श्वासाची जागा

माझी भावजय गाणारी होती आणि तिचे स्टेजचे सगळे कपडे मी शिवले, म्हणून लोक अजून मला तिच्याबद्दल विचारायला येतात. पुढे पुढे तिने गाणं सोडलं आणि नुसत्या बोलण्यावर हॉल भरले, हे सगळ्यांनी पाहिलंय. गाणं का सोडलं, ते मला विचारतात. त्यांना वाटतं, हिला सगळं माहीत असणार. मला काय डोंबल माहीत. बाईने शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. तिचा बाप काय करायचा एवढंच विचारलंत तरी माझ्याकडे तीन उत्तरं आहेत, आणि तिन्ही तिनेच दिलेली. पण आता ती नाही, माझा भाऊही नाही, थिएटरच्या जागी गोदाम झालंय. जेवढं मला ठाऊक आहे तेवढं सांगायला हरकत नाही.

समुद्रापलीकडून ती आली तेव्हा तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि आमच्या भाषेतले जेमतेम चार शब्द, तेही सगळे खाण्यापिण्याचे. बंदराजवळच्या खानावळीत ती भांडी घासायला राहिली. घासताना गायची. ते ऐकत गिऱ्हाइकं जेवण संपलं तरी उठेनात, तेव्हा मालकाने तिला मोरीतून बाहेर काढलं आणि कोपऱ्यात स्टुलावर उभं केलं. तिथून ती लग्नाच्या हॉलमध्ये गेली, तिथून कारखान्यांच्या क्लबात, आणि शेवटी गावातल्या मोठ्या थिएटरात, दर शनिवारी संध्याकाळी. गाणी तिच्या मुलखातली. एका अक्षराचाही अर्थ कुणाला कळायचा नाही, पण बायका पदराने, रुमालाने, जे हाताला येईल त्याने डोळे पुसायच्या. मला हे तेव्हाही चमत्कारिक वाटायचं. अर्थ कळल्याशिवाय रडायचं म्हणजे काय? कुणास ठाऊक, बया भाजीचे भाव गात असेल.

दोन गाण्यांच्या मधे ती लोकांशी गप्पा मारायची. मोडकंतोडकं बोलायची, पुरुषाला बाई करायची, नवरा शिजलाय आणि बटाटा दमून घरी आलाय असं काहीबाही सांगायची. हॉल हसून लोळायचा. त्या हसणाऱ्यांत एक माझा भाऊ होता.

भाऊ लाउडस्पीकरवाला. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, मीच त्याला वाढवला. खाली त्याची खोकी नि वायरी, वर माझं शिलाई मशीन, असं आमचं घर. त्याच्या धंद्याला पाटी नव्हती, नाव होतं. त्याच्या माइकमधून कधी शिट्टी आली नाही आणि त्याच्या तोंडून कधी थाप निघाली नाही, म्हणून हॉलवाले त्याला डोळे झाकून बोलवायचे. तो तिच्या कार्यक्रमाला माइक लावायला गेला आणि वायरींबरोबर स्वतःही गुंडाळला गेला. लग्न करतो म्हणाला.

मी म्हटलं, "तिला तू नकोयस, इथे राहायचे कागद हवेत. कागद झाले की बघ, भुर्रकन उडेल."

तो म्हणाला, "ताई, तू आधी तिचं माप तर घे. मग काय ते बोल."

नाचणारीचं माप हात वर करून घ्यावं आणि गाणारीचं श्वास भरून, हे मी ज्यांच्याकडे शिवण शिकले त्यांनी मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. गाणारी बाई छातीत नाही, बरगड्यांच्या खाली श्वास घेते. तिथे कापड सैल सोडलं नाही तर पहिल्याच लांब सुराला शिवण उसवते. मी त्याला श्वासाची जागा म्हणते. मी तिला म्हटलं, "भरा श्वास." तिने भरला, आणि मापाची पट्टी माझ्या बोटांतून सरकतच गेली. एवढ्याशा बाईत एवढी हवा. आवाज तरी खरा आहे, असं मी मनातल्या मनात कबूल केलं. बाकी कशाचीच खात्री नव्हती.

लग्न झालं. ती मला ताई म्हणायला लागली. मी तिला बाई म्हणायची, अहो-जाहो करायची, गिऱ्हाइकाला करते तसं. भावजय म्हणायला जीभ वळत नव्हती. आणि का वळावी? एकदा वीजबिलाचा माणूस दारात आला, तेव्हा ती त्याच्याशी भांडताना मी जिन्यातून ऐकलं. एक चूक नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणजे स्टेजवरचं ते मोडकंतोडकं सगळं नाटक. मी तोंडावर विचारलं तर म्हणाली, "ताई, माझ्या चुका ऐकायला लोक तिकीट काढतात. शहाणपण ऐकायला कोण येईल?" गोदीवाल्यांच्या कार्यक्रमात तिने सांगितलं, बाप मासे पकडायचा. शिक्षकांच्या मेळाव्यात सांगितलं, बाप मास्तर होता. मला सांगितलं होतं, घड्याळं दुरुस्त करायचा. यावर काय म्हणाली? "ज्याला जसा बाप आवडतो, तसा देते." आणि हसली. मला हसू आलं नाही. जी बाई इतक्या सहज बाप बदलते, ती नवरा बदलायला किती वेळ लावणार? मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवलं.

वर्षं गेली. उडाली नाही. पण माझा संशय अजून सुटला नव्हता.

मग एका उन्हाळ्यात दोघं दौऱ्यावर जातो म्हणून निघाले. लांबचा दौरा, बरीच गावं. मी ट्रंकेत सगळे झगे इस्त्री करून भरून दिले. परत आले तेव्हा ट्रंक उघडली, तर प्रत्येक झगा माझ्याच घडीत, माझ्याच कागदात. एकही अंगाला लागलेला नाही. मी भावाला विचारलं, "कसा झाला दौरा?" तो म्हणाला, "बरा झाला," आणि ताटात बघत जेवत राहिला. जो माणूस जन्मात थाप मारायला शिकला नाही, तो ती अशीच मारणार. घरात दोघांचं काहीतरी शिजत होतं आणि मी परकी झाले होते.

बाईचा आवाज बसला होता. प्रवासाने बसला म्हणाली. बोलली की घासलेल्या पत्र्यासारखं खरखरायचं. आणि आता तिला सगळे झगे बंद गळ्याचे हवे होते. "थंडी वाजते," म्हणाली. भर उन्हाळ्यात. गळ्याचं माप तिने मला घेऊ दिलं नाही, स्वतःच पट्टी धरून आकडा सांगितला. मला नाही नाही ते विचार आले. गळ्यावर कुणी काही खूण ठेवली की काय, इथपर्यंत माझी मजल गेली.

शनिवार पुन्हा सुरू झाले. बोलताना आवाज तसाच खरखरीत, त्याचेही तिने विनोद केले. पण गाणं सुरू झालं की पूर्वीचा, तोच स्वच्छ आवाज. लोक म्हणाले, काय कमाल आहे. मला मात्र पटलं नाही, कारण दर रविवारी झगा माझ्याकडे यायचा. पूर्वी बगलेखालची शिवण ताणलेली नाहीतर उसवलेली असायची, ठिगळ लावावं लागायचं, हूक वाकडा झालेला, आतलं अस्तर घामाने कडक. आता शिवण मशीनवरून उतरली तशीच. बाई श्वास न घेताच गात होती.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती अशी. आणि भाऊ? पूर्वी तो गाण्याच्या वेळी भिंतीला टेकून ऐकत उभा असायचा. आता आपल्या यंत्रांचं टेबल सोडेना. टेबलावर एक कापड टाकलेलं असायचं आणि हात कापडाखाली. कॅसेट वाजतेय आणि ही नुसतं तोंड हलवतेय, हे मला हळूहळू कळून चुकलं. एकदा हे बाहेर पडलं की ती काय, ट्रंक उचलून समुद्रापलीकडे जाईल. पण कॅसेट लावणारा हात माझ्या भावाचा. त्याचं नाव गेलं की त्याला कुणी लग्नाच्या मांडवातही माइक लावू दिला नसता. त्याच्या आधी ही बाई घरातून गेली पाहिजे, असं मी ठरवलं. मात्र हातात पुरावा हवा होता.

थिएटरच्या वाढदिवसाला मोठा कार्यक्रम होता. त्यासाठी मी निळा झगा शिवला. बरगड्यांपाशी अजिबात जागा सोडली नाही, कापड अंगाबरोबर घेतलं. आणि तेवढ्या भागात पक्की शिलाई न मारता हाताने कच्चा धावदोरा घातला. नुसतं बोलायला, चालायला तो पुरला असता. खरा श्वास भरला असता तर तटकन तुटला असता.

मी पडद्याच्या कडेला उभी राहिले. शेवटचं गाणं सगळ्यांत कठीण, तिच्या नावावर चालणारं. तिने डोळे मिटले, हात पसरले, मान मागे टाकली. सूर वर गेला, अजून वर गेला, थांबेचना. लोक उभे राहिले. मी फक्त त्या शिवणीकडे बघत होते. दोरा तुटला नाही.

मी जिंकले होते. तरातरा तिच्या मेकअपच्या खोलीत गेले. तिने झगा काढून उलटा केलेला होता आणि दिव्याखाली शिवण बघत होती.

"ताई, हा दोरा कच्चा आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुटला नाही."

"नाही तुटला."

तिने गळ्याभोवतीचा रुमाल सोडला. गळ्यावर आडवा व्रण होता, अजून लालसर. दौरा कसला, ते दोघं इस्पितळात होते. गाठ काढली आणि गाठीबरोबर गाणं गेलं. कॅसेट भावाकडे होत्याच. पहिल्या शनिवारपासून त्याने तिचा प्रत्येक कार्यक्रम भरून ठेवला होता, विकायला नाही, स्वतःला ऐकायला. "मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "तो म्हणाला, अजून थोडे दिवस. तुझं गाणं तुझ्यापेक्षा मलाच जास्त लागतं." मग झगा माझ्या हातात देत म्हणाली, "आता श्वासाची जागा सोडत जाऊ नका. उगाच कापड वाया जातं."

मला राग आला होता, तो तसाच होता. आणि वर मला रडूही येत होतं. मी झगा घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरचा मॅनेजर आमच्या जिन्यात. मी वरून पाहिलं, तो खाली पायपुसण्यावर बूट घासत होता. भाऊ घरी नव्हता. बाई आतल्या खोलीत. झगा माझ्यासमोर मशीनवर, दोरा साबूत.

मॅनेजर आत आला तेव्हा मी तोच झगा मांडीवर घेऊन बसले होते.

तो म्हणाला, "स्पष्टच विचारतो. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणतात, बाईंचं तोंड मिटलं तरी सूर चालू होता. कॅसेट असेल तर शनिवार बंद, आणि तुमच्या भावाला या गावात कुठल्याच हॉलची पायरी चढता येणार नाही, ते मी बघेन. तुमच्याकडे आलो, कारण तुमचं तिच्याशी पटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही तिच्यासाठी खोटं बोलणार नाही."

"नाहीच बोलणार," मी म्हटलं. "मला ती पहिल्यापासून आवडत नाही. कारण सांगू? हे बघा."

मी झगा त्याच्यापुढे धरला. बरगड्यांपाशी शिवण फाटलेली होती, दोऱ्याची टोकं लोंबत होती.

"काल शेवटच्या गाण्याला फाडला. नवा कोरा झगा. इतकी वर्षं हेच चाललंय, श्वास घेते आणि माझी शिलाई उसवते. कपाटात बघा, एकेका झग्याला बाजूने ठिगळं आहेत. कॅसेट वाजवून कपडा फाटतो का हो?"

तो संशयी माणूस होता. त्याने कपाट उघडायला लावलं. जुने झगे काढून, उलटे करून, त्यांच्या बाजू चाचपून पाहिल्या. ठिगळं खरी होती. त्याने हातरुमालाने हात पुसले, त्या गृहस्थांना कमी दिसतं असं काहीतरी पुटपुटला आणि जिना उतरून गेला. त्याचे बूट बाहेरच्या फरशीवर वाजेपर्यंत मी हलले नाही. माझ्या दोन्ही अंगठ्यांवर दोऱ्याचे वळ उठले होते. टाका कच्चा असला तरी दोरा मी चांगल्यापैकीच वापरला होता.

आतल्या दारात ती उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. काही बोलायला गेली, पण सकाळी सकाळी तिचा आवाज लवकर फुटायचा नाही.

"अगं, उभी काय राहिलीस?" मी म्हटलं. "इकडे ये. हा झगा गेला कामातून. दुसरा शिवायला हवा. हात वर कर."

तिने हात वर केले. मी पट्टी तिच्या बरगड्यांभोवती घातली आणि म्हटलं, "भर श्वास."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने श्वास घेतला. अर्ध्यावर अडकला, ती खोकली, डोळ्यांत पाणी आलं, तिने पुन्हा घेतला. पट्टी पूर्वीसारखी सरकली नाही. मी कापडावर खडूने खूण केली ती मात्र पूर्वीच्याच मापाची.